डब्यातले बेचाळीस रुपये : घरच्या जुन्या चांदीच्या रुपयांचे ठसे कसे ओळखावेत

दिवाळी जवळ आली की मंडळात एक प्रश्न हमखास येतो. "आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचे चांदीचे रुपये आहेत. विकले तर किती येतील?" आम्ही उलट विचारतो, "कोणते रुपये?" उत्तर ठरलेले असते : "अहो, राणीछाप!" पुढे डबा उघडला की त्यात राणीबरोबर दोन-तीन राजे आणि चारमिनारही निघतो.

यंदा असाच एक डबा आमच्यापुढे आला, तोही वाटणीच्या निमित्ताने. आई गेल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात बेचाळीस रुपये वाटायचे होते. हिशेब सोपा वाटला, प्रत्येकी चौदा. थोरल्या भावाने तसे ढीगही करून ठेवले होते. बहीण म्हणाली, "दादा, मोजून सारखे झाले, पण सारखे आहेत का?" ते कोणालाच ठाऊक नव्हते. मग आम्ही दोन-तीन जण भिंग आणि सराफाकडचा छोटा काटा घेऊन त्यांच्या घरी बसलो. त्या दुपारी जे पाहिले तेच इथे लिहितो आहोत, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच रुपये आहेत.

पहिल्यांदा राजा-राणीप्रमाणे वेगळे केले. १८४० साल असलेले पाच, १८६२ चे नऊ, त्यानंतरच्या राणीचे सहा, सातव्या एडवर्डचे चार, पाचव्या जॉर्जचे सात, सहाव्या जॉर्जचे पाच आणि चारमिनारी सहा. इथवर कोणालाही जमते. खरे काम त्यापुढचे.

नाणे पाडताना चांदीची कोरी चकती पोलादाच्या दोन ठशांमध्ये दाबतात. एक मूळ ठसा असतो, त्यावरून कामाचे अनेक ठसे तयार होतात आणि प्रत्येक ठसा हजारो रुपये पाडून झिजतो. मग नवा ठसा येतो. नव्या ठशात कधी चित्र थोडे सुधारलेले असते, कधी टांकसाळीची खूण हाताने ठोकलेली असते, कधी फुलाची पाकळी वेगळी निघते. साल तेच, राणी तीच, पण ठसा दुसरा. संग्राहक याला ठशाचा प्रकार म्हणतात आणि त्यावरून नाणे कुठे पडले, कधी पडले हे सांगता येते. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरवर तर लोकांनी उभे आयुष्य घालवले आहे. १८७८ साली त्या डॉलरवरच्या गरुडाच्या शेपटीत आधी आठ पिसे होती, पुढे सात केली, आणि काही नाण्यांवर सातांच्या खाली जुन्या आठांची टोके डोकावतात. व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोघांनी अशा ठशांची यादी केली, म्हणून तिथे प्रत्येक प्रकाराला त्यांच्या आद्याक्षरांचा क्रमांक देतात. आपल्या रुपयांवरही असे बारकावे भरपूर आहेत, आपण फक्त ते पाहत नाही.

पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ठशात जे खोल असते ते नाण्यावर वर येते. म्हणून ठशाला गेलेली भेग नाण्यावर उठलेल्या रेघेसारखी दिसते, आणि नंतर पडलेला ओरखडा नेहमी खोल जातो. नखाला रेघ वर लागली तर ती ठशाची, खाली लागली तर ती कोणाच्या तरी तिजोरीच्या किल्लीची. दुसरे, अक्षरे दुहेरी दिसली म्हणून लगेच हरखू नये. दाब देताना ठसा किंचित हलला तर अक्षराच्या कडेला चपटी पायरी उमटते. ती त्या एका फटक्याची चूक असते, ठशाची नव्हे, आणि तिला फारशी किंमत नसते.

आता डब्याकडे वळू.

१८४० च्या पाच रुपयांवरून घरात एक आख्यायिका होती की हे पणजोबांच्या मुंजीत आलेले, 'बरोबर १८४० सालचे'. साल पाहून असेच वाटणार. पण १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एक रुपया ठरवला, १८० ग्रेन म्हणजे एक तोळा वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. व्हिक्टोरिया गादीवर आल्यावर १८४० चा ठसा आला आणि ते साल तसेच ठेवून रुपये पडत राहिले, अगदी १८६२ मध्ये नवे नाणे येईपर्यंत. कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले, तरी 'ईस्ट इंडिया कंपनी' असे लिहिलेले रुपये त्यानंतरही पडत होते. साल गोठवण्याची ही खोड कंपनीला जुनीच. बंगालच्या सिक्का रुपयावर तिने '१९ सन' कायम केले होते, कारण सराफ जुन्या सालाच्या नाण्यावर बट्टा कापत.

मग १८४० चा कोणता रुपया आधीचा? राणीच्या डोक्याकडे पाहा. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे डोक्यावरून सलग गेली असतील तर तो आधीचा ठसा. 'व्हिक्टोरिया' एका बाजूला आणि 'क्वीन' दुसऱ्या बाजूला, मध्ये राणीचे डोके, असे असेल तर तो नंतरचा, साधारण १८५० च्या सुमारापासूनचा. या डब्यात सलग अक्षरांचे दोन आणि तुटक अक्षरांचे तीन निघाले. म्हणजे पणजोबांच्या मुंजीचा मान फार तर दोघांना.

त्यापुढे मागच्या बाजूचा हार. 'वन रुपी' आणि फारसी अक्षरांभोवती पानांच्या दोन डहाळ्या आहेत, त्यात बारीक गोल फळे आहेत. ती मोजायची. वेगवेगळ्या ठशांत ही संख्या वेगळी येते. १९, २८, ३४, ३५ या संख्या संग्राहकांच्या तोंडी ठरलेल्या आहेत. खाली गाठीपासून सुरुवात करून एका बाजूने वर जावे, मग दुसरी बाजू. झिजलेल्या नाण्यावर फळ आणि पानाचे टोक एकच वाटते, म्हणून दोघांनी वेगवेगळे मोजून मग आकडे जुळवावेत. आमचे एका रुपयावर तीनदा जुळले नाहीत. राणीच्या मानेच्या कापलेल्या कडेवर 'डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरेही शोधावीत. ती विल्यम वायन या कोरणाऱ्या कारागिराची आहेत. काही ठशांत ती उठलेली आहेत, काहींत खोल कोरलेली.

१८६२ च्या नऊ रुपयांत सगळ्यात मजा आली. इथे राणी मुकुट घातलेली, अंगावर नक्षीचा झगा. हेही साल गोठलेले आहे. १८७४ मध्ये खरे साल घालायला सुरुवात होईपर्यंत बारा वर्षे याच आकड्याचे रुपये पडले. पण मुंबईच्या टांकसाळीने एक युक्ती केली. सालाच्या खाली आणि आसपास बारीक टिंबे ठोकायला सुरुवात केली, आणि त्यांच्या संख्येवरून व जागेवरून तो ठसा कोणत्या वर्षाचा हे कळे. बाहेरच्या माणसाला ती नक्षीच वाटावी. कलकत्त्याच्या रुपयांवर अशी टिंबे नाहीत. शिवाय झग्याच्या छातीवरची नक्षी आणि मागच्या चौकटीतले वरचे फूल यांचेही वेगवेगळे ठसे आहेत. ते एकटे नाणे पाहून कळत नाहीत, दोन-तीन नाणी शेजारी ठेवली की झटकन कळतात.

नऊ रुपयांपैकी चारांवर आम्हाला टिंबे सापडली, तीही चार तऱ्हांची. थोरले भाऊ म्हणाले, "मी साठ वर्षं हे रुपये पाहतोय, मला हा कचरा वाटायचा." वहिनींनी मात्र दोन टिंबे नेमकी खरवडून काढायचा प्रयत्न केला होता, सुईने. त्यांचा दोष नाही. लक्ष्मीपूजनाआधी रुपये लखलखीत दिसायला हवेत, ही आपली सगळ्यांचीच शिकवण.

१८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. इथे टांकसाळ ओळखायला खाली सालाजवळच्या वेलबुट्टीत पाहायचे. इंग्रजी 'बी' उठलेला किंवा खोल कोरलेला असेल तर मुंबई. 'सी' असेल किंवा काहीच नसेल तर बहुधा कलकत्ता. एडवर्डच्या रुपयांवर मुंबईचा 'बी' खोल असतो आणि कलकत्त्याचे कोरे. एवढे पुरे, या रुपयांत घरच्या माणसाला यापलीकडे शोधण्यासारखे थोडे.

पाचव्या जॉर्जबद्दल मात्र बोलले पाहिजे, कारण 'डुकराचा रुपया' ही अफवा अजून जिवंत आहे. १९११ च्या पहिल्या ठशात राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक बारीक हत्ती आहे. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड आणि पाय असे काढले की लोकांना तो डुक्कर वाटला, आणि मुसलमान समाजात त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. सरकारने नाणे मागे घेतले. सुमारे ९४ लाख पडले होते, त्यांतले सुमारे ७ लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ मध्ये हत्ती नीट लांब सोंडेचा काढून नवा ठसा आला. तेव्हा ओळख सोपी आहे : साल १९११ असेल तर तो जुना हत्ती. १९१२ नंतरच्या कोणत्याही रुपयावर डुक्कर शोधू नये. आणि ७ लाख ही संख्या लहान नाही. १९११ चा रुपया इतरांपेक्षा जास्त मागणीचा आहे हे खरे, पण त्याचे 'कोटी रुपये' येतात असे फोनवर सांगणाऱ्याला एक पैसाही आगाऊ देऊ नये. राम-सीता-मारुती असलेले १८१८ चे 'ईस्ट इंडिया कंपनी'चे नाणे दाखवणाऱ्यालाही तेच उत्तर. असे नाणे कंपनीने कधी काढलेच नाही.

या डब्यातल्या सात जॉर्जांत १९११ चा एक होता. मुंबईचे की कलकत्त्याचे हे पाहायला मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली एक टिंब शोधायचे. ते असेल तर मुंबई.

सहाव्या जॉर्जच्या पाचांनी वाटणीचा सगळा हिशेब बदलला. दिसायला तसाच, वजनालाही तोच ११.६६ ग्रॅमचा रुपया. पण महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० च्या रुपयापासून चांदी निम्मी केली, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. म्हणजे आधीच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आणि यात जेमतेम ५.८३. काट्यावर दोन्ही सारखे. पाहायची जागा म्हणजे साल आणि कड. या नव्या रुपयांच्या बहुतेक कडांना मधोमध एक चर आहे, खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून. जुन्यांच्या कडा नुसत्या कंगोऱ्यांच्या. डब्यातल्या पाचांपैकी चार या निम्म्या चांदीचे होते. थोरल्या भावाने केलेल्या ढिगांत हे चारही धाकट्याकडे गेले होते, न कळत. सालाखाली इंग्रजी 'एल' असलेला एक होता, तो लाहोरच्या टांकसाळीचा. आणि १९४५ चा मुंबईचा रुपया असेल तर त्यातला पाचाचा आकडा लहान की मोठा हे जरूर पाहा, दोन्ही ठसे आहेत.

आता आपले चारमिनारी. बाहेरच्या पुस्तकांत यांना दोन ओळी मिळतात. आपल्या घरांत मात्र दोन हिशेब चालत, एक कलदारचा आणि एक हालीचा. आपल्या आज्या बाजाराचे भाव सांगताना 'हाली की कलदार?' असे विचारायच्या ते अनेकांना आठवत असेल. मराठवाड्यातून शहरात शिकायला आलेला मुलगा मुंबईला जाताना हाली मोडून कलदार घ्यायचा, वटाव देऊन. पुढे ठरलेला दर होता सात हालीला सहा कलदार. हा दर काही हवेतून आलेला नव्हता. हाली सिक्का सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी सुमारे ८२ टक्के, म्हणजे एकात ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी. सात हालीची ६४ ग्रॅम. जुन्या सहा कलदारांचीही ६४ ग्रॅम. काट्यावर आम्ही हे करून दाखवले तेव्हा धाकटे भाऊ, जे बँकेतून निवृत्त झालेत, खूष झाले.

चारमिनारचा ठसा मीर महबूब अली खान यांच्या काळात, हिजरी १३२१ म्हणजे इ.स. १९०३ च्या सुमारास आला. त्याच वर्षी टांकसाळ सैफाबादला हलली. आता नाण्यावरच्या चारमिनारच्या मधल्या कमानीत पाहा. आत एक अक्षर आहे. गोल डोके आणि खाली शेपटी असेल तर तो 'मीम', महबूबचा. इंग्रजी तीन उलटा फिरवावा तसे असेल तर तो 'ऐन', उस्मानचा. फारसीत 'उस्मान' ऐनने लिहितात.

महबूब अली खान २९ ऑगस्ट १९११ रोजी वारले. तेव्हा हिजरी १३२९ चालू होते आणि ते जवळजवळ सगळे १९११ मध्येच येते. त्यामुळे १३२९ सालाचे रुपये दोन तऱ्हांचे आहेत, मीमचे आणि ऐनचे. त्यातही गंमत अशी की पहिल्या ऐनच्या ठशांत अक्षर अर्धेच बसले आहे, वरचा आकडा तेवढा दिसतो. १३३० मध्ये ठसा सुधारून पूर्ण ऐन घातला, आणि मग तो शेवटपर्यंत राहिला. अर्धा ऐन फक्त १३२९ आणि १३३० सालांवर मिळतो.

साल वाचायला फारसी येण्याची गरज नाही. एक म्हणजे उभी रेघ. दोनाला वर एक दाता, तीनाला दोन दाते. सात वर उघडा, आठ खाली उघडा. नऊ आपल्याला ओळखीचा इंग्रजी नऊच. शून्य म्हणजे नुसते टिंब, आणि गोल दिसतो तो पाच! इथे सगळे फसतात. १३२५ ला १३२० वाचून कितीतरी जण निराश झाले आहेत. नाण्यावर ९२ हा आकडाही दिसेल, तो साल नव्हे. अक्षरांच्या अंकमूल्यांनी 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते. मागच्या बाजूला 'फर्खुंदा बुनियाद हैदराबाद' हे टांकसाळीचे नाव आणि गादीवर बसल्यापासूनचे वर्ष असते. गादी बदलली की हे वर्ष पुन्हा एकापासून, म्हणून कमानीतले अक्षर झिजले असले तरी यावरून राजा ओळखता येतो.

डब्यातल्या सहांत तीन १३२९ चे. भिंगाखाली एकात मीम निघाला, एकात अर्धा ऐन, आणि तिसऱ्याला कानाशी कडी डाखवलेली, त्यामुळे कमान दिसेना. ती कडी काढू नका, असेच आम्ही सांगितले. डाख उपटताना नाणे आणखी बिघडते, आणि बाजारात त्याची जी किंमत जायची ती केव्हाच गेली आहे. कोणीतरी ते गळ्यात घातले होते, एवढे तरी राहू द्यावे.

राहता राहिले जपणे. रुपये घासू नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काहीही नको. काळपटपणा हा चांदीवरचा पातळ थर आहे, तो नाण्याला खात नाही. घासणे मात्र खाते, आणि पहिल्यांदा जातात ती टिंबे, फळे आणि कमानीतले अक्षर. पूजेला एखादा झिजलेला एडवर्ड ठेवा, पंचामृत त्यालाच घाला. बाकीचे कडेने धरून, एकेक कागदी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलीने साल, खूण, वजन. मऊ प्लास्टिकच्या खिशांत वर्षानुवर्षे ठेवले की हिरवट चिकटा धरतो. दिव्याचा उजेड बाजूने तिरपा पडू द्या, मग मोबाइलनेही फळे मोजता येतील असा फोटो निघतो. वजन बरेच कमी आले, कड नाण्याच्या मधोमध जोडल्यासारखी दिसली, किंवा चुंबकाला चिकटले, तर ते ओतलेले खोटे नाणे समजावे.

एक सूचना परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांसाठी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे राणीछाप सगळे आणि पाचव्या जॉर्जचे शंभरी ओलांडलेले रुपयेही यात आले. नातवाच्या मुंजीला दोन रुपये बॅगेत टाकून नेणे हे आपल्याला प्रेमाचे वाटते, विमानतळावर तसे वाटणार नाही.

त्या घरची वाटणी संध्याकाळी झाली. आधीचे ढीग मोडले. प्रत्येक प्रकारातून एकेक उचलायचे ठरले, निम्म्या चांदीचे वेगळे मोजले. १९११ चा जॉर्ज धाकट्यांनी मागून घेतला, बदल्यात १८६२ चे दोन टिंबवाले थोरल्यांना दिले. मीम आणि अर्धा ऐन मात्र बहिणीने एकाच पाकिटात घातले, वर तारीख लिहिली आणि कडीवाला तिसराही मागितला. तो आईच्या माहेरचा, असे ती म्हणाली. भावांना ते ठाऊक नव्हते.

ज्यांना चारमिनारीचे ठसे प्रत्यक्ष पाहायचे आहेत त्यांनी सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत २०२२ पासून सुरू झालेले संग्रहालय जरूर पाहावे. जाताना घरच्या रुपयांचे फोटो घेऊन जावेत, रुपये घरीच ठेवावेत.